कानातला तंबोरा

प्रस्तावना

मोबाइल फोनच्या प्रसारामुळे इअरफोन ही वस्तू आता घरोघरी पोहोचली आहे. तुमच्यापैकी अनेकजण कामावर जाता-येता किंवा घरातील सारे झोपल्यानंतर इअरफोन लावून पाठ ऐकत असतील, गाणी ऐकत असतील. अशी एखादी छोटीशी वस्तू आपण सहज विकत घेतो आणि सहज टाकूनही देतो. प्रस्तुत ललित निबंधात लेखिकेने अशीच एक वस्तू निवडताना आणि वापरताना आलेले अनुभव सांगितले आहेत. वस्तूविषयी बोलता बोलता त्या ऐकण्याविषयी आणि आपल्या माणसांविषयी काय सांगतात, ते पाहू या.

मूळ पाठ

आमच्या इंदूरच्या घरी माजघराच्या कोपऱ्यात एक तंबोरा उभा असतो. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेला हा तंबोरा माझ्या आजोबांनी माळव्यात आणला आणि त्यांच्यानंतर तो माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे आला. अण्णा टपाल खात्यात नोकरीला होते. ते काही गवई नव्हते. परंतु रोज पहाटे, कचेरीची घाई सुरू होण्यापूर्वी, ते अर्धा तास तंबोरा छेडत बसत. माझी झोप त्या नादानेच उघडे. त्यामुळे तंबोऱ्याचा आवाज कसा असतो, हे मला कोणी शिकवावे लागले नाही. पुढे पन्नाशी उलटल्यावर, गाणे ऐकण्यासाठी इअरफोन निवडण्याची वेळ येईल आणि तेव्हा हाच आवाज माझ्या उपयोगी पडेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

मी देवासच्या एका शाळेत शिकवते. इंदूर ते देवास हा बसचा तासाभराचा प्रवास. ज्या गावी कुमार गंधर्व १९४८ साली आले आणि अखेरपर्यंत राहिले, त्या गावाच्या वाटेवर त्यांचे गाणे ऐकत जावे, ही माझी साधी हौस होती. त्यासाठी मी तीन-चारशे रुपयांचे इअरफोन घेत असे. बसचे इंजिन, खिडक्यांची तावदाने, वाहकाची शिट्टी आणि कोणाच्या तरी फोनवरची चित्रपटगीते या साऱ्यांतून गाणे ऐकू यावे म्हणून मी आवाज वाढवत नेई. घरी परतल्यावर कधी कधी रात्री निजताना कानांत बारीक शिट्टी वाजत राही. त्यातच काही महिने गेले की पिनेजवळची तार आतून तुटे आणि एक कान मुका होई. दोन वर्षांत मी असे पाच इअरफोन घेतले आणि टाकून दिले.

दिवाळीत बंगळूरहून माझा भाचा आला होता. तो अभियंता आहे आणि संगीताचा शौकीनही. माझी ही तऱ्हा पाहून तो म्हणाला, “आत्या, तू गोंगाटाशी भांडतेयस. तो ओरडतो म्हणून तूही ओरडतेस. गोंगाट बाहेरच ठेवेल असं काहीतरी घे ना.” त्याने आपल्या पिशवीतून चपटी डबी काढली. तिच्यात इअरफोनच्या तीन जोड्या नीट गुंडाळून ठेवल्या होत्या. त्यांना इन-इअर मॉनिटर म्हणतात, असे त्याने सांगितले.

नाव ऐकून मला वर्गातला मॉनिटर आठवला. पण या शब्दाचा उगम रंगमंचावरचा आहे. मोठ्या जलशात गायक-वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ध्वनिवर्धक ठेवलेले असतात; त्यांना मॉनिटर म्हणतात. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या मैफलींत हा आवाज इतका वाढत गेला की कलावंतांचे कानच धोक्यात येऊ लागले. १९९५ साली जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने ॲलेक्स व्हॅन हेलन या ढोलवादकासाठी कानाच्या आतच बसणारा मॉनिटर तयार केला. बाहेरचा कल्लोळ बाहेर राहिला आणि कमी आवाजातही वादकाला सारे स्पष्ट ऐकू येऊ लागले. हळूहळू ही वस्तू रंगमंचावरून सामान्य श्रोत्यांच्या कानांत आली. आज अशी जोडी पाचशे रुपयांनाही मिळते आणि लाखाच्या वरही जाते.

“आणि यातली गंमत सांगू?” भाचा म्हणाला. “यातला एक भाग कानाच्या मशीनमधून आलाय. अण्णाआजोबा लावायचे ना, तसल्या.”

इअरफोनमध्ये आवाज निर्माण करण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एका रीतीत लोहचुंबकाजवळ तारेचे वेटोळे असते आणि ते एका पातळ पडद्याला हलवते. मोठ्या ध्वनिवर्धकाचीच ही लहान आवृत्ती होय. दुसऱ्या रीतीत चुंबकांच्या मधोमध तोलून धरलेली धातूची इवलीशी पट्टी थरथरते आणि एका बारीक काडीने पडद्याला ढकलते. तिला बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात. हा सारा संसार तांदळाच्या काही दाण्यांएवढ्या डबीत मावतो. म्हणूनच कर्णबधिरांच्या यंत्रांत तो दीर्घकाळ वापरला गेला. अमेरिकेतील मीड किलियन हे श्रवणयंत्रांच्याच क्षेत्रातले संशोधक. त्यांच्या संस्थेने १९९१ साली याच भागाचा उपयोग करून संगीतासाठी एक इअरफोन बाजारात आणला. ऐकू न येणाऱ्यांसाठी जे घडवले गेले, ते अशा रीतीने अधिक सूक्ष्म ऐकू पाहणाऱ्यांच्या कामी आले.

भाच्याला हे गमतीचे वाटले. मी मात्र गप्प झाले.

अण्णांना १९९२ च्या सुमारास कमी ऐकू येऊ लागले. मी तेव्हा एम. ए. करत होते. प्रथम त्यांना खिशात ठेवण्याचे यंत्र मिळाले. सदऱ्याच्या खिशात डबी, तिच्यातून निघालेली तार आणि कानात खडा. काही वर्षांनी माझ्या भावाने त्यांना कानामागे बसणारे छोटे यंत्र आणून दिले. त्याने बोलणे थोडेफार कळे. पण गाणे गेले ते गेलेच. एकदा त्यांनी यंत्र लावून तंबोरा छेडला आणि क्षणात थांबवला. “पत्र्यावर कुणी वाळू ओततंय असं वाटतं,” एवढेच ते म्हणाले. त्यांनी तंबोऱ्याला गवसणी घातली. त्यानंतर ती कोणी काढली नाही.

मी अण्णांशी मोठ्याने बोलत असे. पहिल्या वेळी मोठ्याने, दुसऱ्या वेळी ओरडून, तिसऱ्या वेळी चिडून. “मला ऐकू येतं, पण कळत नाही,” असे ते म्हणत, तेव्हा मला तो हट्ट वाटे. ऐकू येते तर कळत कसे नाही? २००६ साली अण्णा गेले. तो प्रश्न माझ्यापाशी तसाच राहिला.

भाच्याने तीनही जोड्या आठवडाभर माझ्यापाशी ठेवल्या. दरम्यान मी जेल रोडच्या बाजारातही एक चक्कर मारली. तिथल्या दुकानदाराने एक चकचकीत खोके पुढे करून सांगितले, “मैडम, इसका बेस सुनिए, दिल हिल जाएगा!” मला हृदय हलवून घ्यायचे नव्हते. खोक्यावर लिहिले होते, वीस हर्ट्झपासून वीस हजार हर्ट्झपर्यंत. सुदृढ तरुण कानाची मर्यादा साधारण तेवढीच असते. आणि हेच आकडे तीनशे रुपयांच्या खोक्यावरही होते. यंत्र कोठपासून कोठपर्यंत वाजते हे त्यावरून कळते. त्या दरम्यान ते कोणत्या स्वराला किती न्याय देते, हे कळत नाही. ते कानांनीच ठरवावे लागते.

मग कानांनी ते ठरवायचे कशाच्या आधारे? भाच्याने एक चांगली गोष्ट सांगितली. ज्याचा खरा आवाज आपल्याला ठाऊक आहे असे काहीतरी ऐकावे आणि तिन्ही जोड्यांचा आवाज सारखा ठेवूनच तुलना करावी. कारण जी जोडी किंचित मोठ्याने वाजते, तीच कानाला अधिक चांगली वाटते. मला ठाऊक असलेला आवाज एकच होता.

तंबोऱ्याला चार तारा असतात: पंचमाची एक, जोडाच्या षड्जाच्या दोन आणि खर्जाची एक. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. तिच्याबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूक्ष्म स्वरही उमटत असतात. घोडीवर तारेखाली सारलेला दोरा योग्य जागी आला, जवारी खुलली, की हे सूक्ष्म स्वर फुलून येतात. त्यांतला पाचपटीचा स्वर म्हणजे गांधार. कोणतीही तार गांधारात लावलेली नसताना तो ऐकू येतो, म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. लहानपणी अण्णांनी मला तो ऐकायला शिकवला होता. “शोधू नकोस. थांबून राहा, तो येतो,” असे ते म्हणत.

मी किशोरी आमोणकर यांचा भूप आणि इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा ही दोन ध्वनिमुद्रणे निवडली. तीन संध्याकाळी तीन जोड्या ऐकल्या. पहिल्या जोडीत तबल्याचा डग्गा ढोलासारखा घुमत होता आणि तंबोरा त्याच्याखाली बुडून गेला होता. दुसरीत सारे लख्ख होते. परंतु प्रत्येक ‘स’ सुईसारखा टोचत होता आणि ध्वनिमुद्रणातली खरखर गाण्याच्या पुढे येऊन बसत होती. तिसऱ्या जोडीत प्रथमदर्शनी काहीच विशेष वाटले नाही. ना घुमारा, ना चमक. दहा मिनिटांनी मात्र माझ्या ध्यानात आले की मी इअरफोनचा विचारच करत नाही. भूपाच्या आलापीमागे तंबोरा उलगडत होता, गायिकेने घेतलेला श्वास ऐकू येत होता आणि एका विरामात, कोणी बोलावले नसताना, गांधार आला. अण्णांनंतर इतक्या वर्षांनी मी तो ऐकत होते.

ती तिसरी जोडी ना सर्वांत स्वस्त होती, ना सर्वांत महाग. तशीच नवी जोडी मी ५,८०० रुपयांना घेतली. माझ्या फोनला गोल पिनेची जागा नाही, म्हणून त्याला जोडण्याच्या लहानशा तुकड्याचे आणखी ८०० रुपये झाले. माझ्यासारखीला ही रक्कम थोडी नव्हे. परंतु या जोडीची तार वेगळी काढता येते. ती तुटली तर तारच बदलायची, सारी वस्तू टाकायची नाही. तिच्यात आवाज निर्माण करण्याच्या दोन्ही रीती एकत्र आहेत: खालच्या स्वरांसाठी पडदा आणि वेटोळे, वरच्या स्वरांसाठी ती तोललेली पट्टी. अण्णांच्या कानामागच्या यंत्रात जी होती, तिचीच बहीण.

वस्तू विकत घेतली म्हणजे ती आपली झाली, असे नाही. पहिल्या दिवशी घरी आणून लावली तर आवाज पोकळ, खर्ज गायब. मला फसल्यासारखे वाटले. फोनवर भाच्याने विचारले, “टोप्या बदलून पाहिल्यास का?” इअरफोनच्या टोकाला सिलिकॉनच्या मऊ टोप्या असतात. त्या कानाच्या नळीत घट्ट बसल्या नाहीत तर फटीतून सर्वांत आधी खालचे स्वर निसटतात. डबीत लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मापांच्या टोप्या होत्या. माझ्या उजव्या कानाला मध्यम माप लागते आणि डाव्याला लहान, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी समजले. आपले दोन कानही एकसारखे नसतात! टोपी बदलताच खर्ज परतला. पुष्कळदा दोष वस्तूत नसतो आणि आपल्यातही नसतो. दोघांची गाठ नीट पडलेली नसते.

त्यानंतरची दोन वर्षे ही जोडी माझ्यासोबत आहे. बसमध्ये ती कानांत बसवली की इंजिनाची घरघर पुष्कळशी कमी होते आणि पूर्वी जेवढा आवाज ठेवावा लागे, त्याच्या निम्म्यातच गाणे नीट ऐकू येते. रात्रीची ती शिट्टी थांबली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. आवाज ९० डेसिबलपर्यंत वाढवला तर तीच मर्यादा केवळ चार तासांवर येते. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा, असा हा हिशेब आहे. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म पेशी ध्वनी टिपतात, त्या एकदा नष्ट झाल्या की मनुष्याच्या शरीरात पुन्हा निर्माण होत नाहीत. तार बदलता येते, कान बदलता येत नाही.

या वस्तूची निगाही राखावी लागते. टोप्या काढून साबणाच्या कोमट पाण्याने धुवायच्या, पूर्ण कोरड्या करूनच पुन्हा बसवायच्या. टोकाच्या बारीक जाळीवर मऊ, कोरडा ब्रश फिरवायचा. ब्रश फिरवताना जाळी खाली धरायची, म्हणजे मळ आत जात नाही. पावसाळ्यात मी डबीत औषधाच्या बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी टाकून ठेवते. हे सारे मी एका प्रसंगानंतर शिकले.

एका सकाळी डावीकडचा आवाज एकदम मंद झाला. माझ्या छातीत धस्स झाले. अण्णांचेही असेच, एका कानापासून सुरू झाले होते. दिवसभर शाळेत मी मुलींचे शब्द डाव्या कानाने तपासत होते. संध्याकाळी मन घट्ट करून एक साधी गोष्ट केली: डावा इअरफोन उजव्या कानात घातला आणि उजवा डाव्यात. मंद आवाज आता उजवीकडे गेला होता. म्हणजे कान ठीक होता. इअरफोनच बिघडला होता. भिंगाखाली पाहिले तर जाळी मळाने बंद झाली होती. ती साफ करताच आवाज पूर्ववत झाला.

तरीही शंका राहू नये म्हणून मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बंद खोलीत बसवून एकेक स्वर ऐकवला आणि आलेख काढला. वरच्या स्वरांकडे माझी रेषा किंचित उतरली होती. “वयाप्रमाणे आहे, काळजीचे कारण नाही,” असे सांगून त्यांनी समजावले की वाढत्या वयात प्रथम वरचे स्वर जातात. आपल्या बोलण्यातील ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच वरच्या पट्टीत असते, तर ‘आ’, ‘ओ’ यांसारख्या स्वरांचे बळ खालच्या पट्टीत. त्यामुळे अशा व्यक्तीला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. आपण ओरडलो की स्वर आणखी मोठे होतात आणि व्यंजने त्यांच्याखाली दबतात. त्यापेक्षा समोर बसून, ओठ दिसतील असे, सावकाश बोलावे.

मी आलेखाकडे पाहत राहिले. “मला ऐकू येतं, पण कळत नाही.” अण्णा अगदी खरे बोलत होते. मी ओरडत होते आणि माझ्या ओरडण्यामुळेच माझे शब्द त्यांच्यापासून दूर जात होते. समोर बसून सावकाश बोलायला काही खर्च येणार नव्हता.

इतके समजूनही मनुष्य शहाणा होतोच असे नाही. गेल्या सप्टेंबरातील एका रविवारची गोष्ट. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. ती आणि मी अशा दोघीच घरी असतो. दिवेलागणीच्या सुमारास मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून मारवा ऐकत होते. डोळे मिटलेले, दोन्ही कान बंद. सभोवतालचे जग किती सुंदर नाहीसे झाले आहे, असेच मला वाटत असावे. ध्वनिमुद्रण संपले, मी एक कान मोकळा केला आणि आतून धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला. थांबून थांबून, थकलेला.

न्हाणीघराची गंजलेली कडी अडकली होती. आई आत होती. हाका मारून तिचा घसा बसला, तेव्हा तिने तांब्या दारावर आपटायला सुरुवात केली होती. स्क्रू-ड्रायव्हरने कडी उचकटून मी दार उघडले. ती पाटावर बसली होती. “घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही,” असे तीच मला म्हणाली. किती वेळ झाला, असे मी विचारले. तिने उत्तर दिले नाही.

रात्री मी तिच्या पायांना तेल लावत होते. ती बराच वेळ छताकडे पाहत होती. मग हळूच म्हणाली, “अण्णांना ऐकू येत नव्हतं गं. तुला येतं.”

तिच्या स्वरात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. अण्णांचे कान बंद झाले तो त्यांचा दोष नव्हता. मी माझे कान पैसे देऊन, उत्तम निवड करून, योग्य मापाच्या टोप्या घालून बंद केले होते. बसमध्ये जो या वस्तूचा गुण होता, तोच घरात तिचा दोष ठरला. वस्तू तीच होती. ती कोठे वापरावी, हे ठरवण्याचे काम तिचे नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मी न्हाणीघराची कडी बदलली. इअरफोन टाकून दिला नाही. बसमध्ये तो आजही माझा सोबती आहे. रस्त्याने चालताना मात्र तो कानांत नसतो आणि आई व मी दोघीच घरी असताना तो डबीत असतो.

दिवाळीत एकदा मीच आईला विचारले, “ऐकून बघतेस?” सर्वांत लहान टोप्या धुऊन बसवल्या, तिचे कान हलकेच मागे ओढून इअरफोन नीट बसवला, आवाज अगदी कमी ठेवला आणि भूप लावला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मला वाटले, तिला झोप लागली. थोड्या वेळाने ती म्हणाली, “मागे तंबोरा आहे ना? छान लागलाय. पण आपला असा नव्हता. आपल्याला खर्ज जास्त होता.”

मग तिने कोपऱ्याकडे बोट केले. “ती गवसणी काढ एकदा.”

तारा गंजल्या होत्या, भोपळ्यावर धूळ होती. पण भोपळा शाबूत होता. वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराने तारा बदलल्या, जवारी काढून दिली आणि दोन आठवड्यांनी तंबोरा घरी आला. आता देवासची बस पकडण्यापूर्वी मी पहाटे थोडा वेळ तो छेडते. मला अण्णांसारखा लावता येत नाही. जोड सारखा उतरतो. आई जवळच पाटावर बसते आणि ‘अजून थोडा वर’ असे सांगते. तिलाही आता वरचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून मी तिच्याकडे तोंड करून, सावकाश बोलते.

कधी गांधार येतो, कधी येत नाही. आम्ही दोघी थांबून राहतो.

स्वाध्याय

१. इअरफोन निवडताना लेखिकेने तंबोऱ्याच्या आवाजाचा आधार का घेतला?
२. ‘मला ऐकू येतं, पण कळत नाही’ या अण्णांच्या वाक्याचा अर्थ लेखिकेला केव्हा आणि कसा उमगला?
३. ‘बसमध्ये जो या वस्तूचा गुण होता, तोच घरात तिचा दोष ठरला’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. डावीकडचा आवाज मंद झाल्यावर दोष कानात आहे की यंत्रात, हे लेखिकेने कसे ओळखले? अशा रीतीने आपल्या घरातील एखाद्या बिघाडाचे कारण तुम्ही कसे शोधाल?
५. तुमच्या घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीशी दहा मिनिटे समोर बसून सावकाश बोला. त्या अनुभवाविषयी आठ-दहा वाक्ये लिहा.